दमयंतीबाईंचा मुका सोमवार

दमयंतीबाईंना बढाई मारायची सवय नव्हती. मारली असती तरी ती कुणाला ऐकू गेली नसती, इतका त्यांचा आवाज हळू! रत्नागिरीच्या ज्या इंजिनीअरिंग कॉलेजात त्या मेकॅनिकलला शिकवायच्या, तिथे पहिल्या बाकासाठी धावाधाव व्हायची ती फक्त त्यांच्याच तासाला. मुलांना अभ्यासाची ओढ होती अशातला भाग नाही. दुसऱ्या बाकावर बसलं की बाई आवाज बंद केलेल्या टीव्हीसारख्या नुसते ओठ हलवताना दिसायच्या, एवढंच!

पण त्या रविवारी रात्री साबुदाणा भिजत घालता घालता त्यांनी बढाई मारलीच. समोर फक्त देव्हाऱ्यातला बाळकृष्ण होता आणि तो काही कुणाला सांगायला जात नाही, म्हणून बरं.

"ऐकायला तोंड कशाला लागतं?" त्या बाळकृष्णाला म्हणाल्या. "मेंटॉरिंगच्या ट्रेनिंगला तो पाहुणा दिवसभर हेच घोकत होता ना? बोलू नका, ऐका! बोलू नका, ऐका! मग मौन पाळणाऱ्या बाईइतका चांगला मेंटॉर सगळ्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. उद्या बघच तू!"

बाळकृष्णानं बघितलं. अगदी पोट भरेपर्यंत बघितलं!

आता हे मौन कसलं आणि मेंटॉरिंग कसलं, ते सांगायला हवं. दमयंतीबाईंचा प्रत्येक वार कुठल्या ना कुठल्या नेमाला बांधलेला. मंगळवारी वांगं नाही, गुरुवारी दत्ताचं दर्शन घेतल्याशिवाय चहा नाही, शुक्रवारी आंबट नाही, शनिवारी मारुतीला तेल. आणि चातुर्मासातले सोमवार सगळ्यांत कडक. सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही नाही आणि तोंडातून शब्द नाही. नेम सासूबाईंनी घालून दिलेला, आणि सासूबाईंनी पळवाट म्हणून ठेवली नव्हती. "तोंडानं बोलायचं नाही हे तर झालंच. पण कागदावर लिहिलं तरी ते बोललंच गो! आणि त्या मोबाईलवर बोटं नाचवणं म्हणजे तर आरडाओरडा! शिवाय माझा नेम आहे, माझा नेम आहे, असं सांगत सुटायचं नाही. सांगितलं की पुण्य वाटलं जातं."

सोमवारी बाईंना फक्त प्रॅक्टिकल असायचं. तिथे लॅब असिस्टंट भिकाजी होते. त्यांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा कॅलेंडरकडे बघितलं आणि न विचारताच ओळखलं. तेव्हापासून दर सोमवारी तेच जाहीर करायचे, "बाईंचा घसा बसलाय!" पुढचं सगळं तेच बोलायचे आणि बाई मान हलवायच्या. खोटं बोलल्याचं पाप भिकाजींच्या खात्यावर. त्यांची काही हरकत नव्हती.

राहिलं मेंटॉरिंग. जूनमध्ये पुण्याहून नवे प्राचार्य आले आणि त्यांनी कॉलेजचं एक कुटुंब करायचं ठरवलं. तिसऱ्या वर्षाचा एकेक विद्यार्थी मेंटॉर, त्याच्या हाताखाली पहिल्या वर्षाची चार मुलं, ती मेंटी. या सगळ्या गोतावळ्यावर देखरेखीला दमयंतीबाई. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सभा. पहिल्या सभेला सामोसे होते, तेव्हा खोली भरली. दुसऱ्या सभेला सामोसे नव्हते, तेव्हा एकच मुलगा आला. तोही सामोसे आहेत का ते विचारायला! त्यानंतर बाई सोमवारच्या सभेत एकट्याच बसायच्या आणि मनातल्या मनात जप करायच्या. जप मात्र फार छान व्हायचा.

अशात शनिवारी राही दारात येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षाची, संगमेश्वरच्या आतल्या एका गावातली. बारावीपर्यंत गावच्या शाळेत पहिली आलेली आणि इथे महिन्याभरात कुणाशी एक वाक्य न बोललेली.

"मॅडम, सोमवारी आप्पा न्यायला येतायत," ती म्हणाली. "मी कॉलेज सोडतेय. सही कुणाची लागते?"

"अगो, थांब की जरा!" बाई त्यांच्या परीनं ओरडल्या, म्हणजे राहीला कसंबसं ऐकू गेलं. "सोमवारी सकाळी माझ्याकडे ये. मी सगळं ऐकून घेते. मग ठरवू."

घरी पोचल्यावर चपला काढताना बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी! आणि त्यातून गोची अशी, की चातुर्मास सुरू असतानाच त्यांनी हे सोमवार राहीच्या नावानं देवाला वाहिले होते. पोरगी रोज एकटी खिडकीशी बसलेली दिसायची, ते बघवेना म्हणून. "हिचं मन इथे लागू दे. मी एकही सोमवार मोडणार नाही." आता बोललं, तर देवाला दिलेला शब्द मोडतो. न बोललं, तर पोरगी बापासोबत गाडीत बसते! पण ऐकायला तोंड कशाला लागतं, असं म्हणून बाईंनी रविवारची रात्र काढली.

सोमवारी सकाळी केबिनवर जाऊन बघतात, तर भिकाजी गायब! शेजारच्या शिपायानं सांगितलं, "भातकापणीला गावी गेलेत. तिकडे रेंज नाही." ऑक्टोबरात अर्धी रत्नागिरी भातकापणीला जाते, हे बाईंच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तेवढ्यात राही आली.

बाईंनी खुर्ची दाखवली. राही बसली. बाई बघत राहिल्या. राही गप्प. बाईही गप्प. आणि एरवी समोरचा माणूस ज्या क्षणाला "बोल ना, काय झालं?" म्हणून सगळं घालवतो, तो क्षण तसाच निघून गेला. मग राहीचा बांध फुटला!

"मॅडम, ड्रॉइंगच्या शीटवर सर नुसता लाल भोपळा काढतात. मला त्या वस्तूची मागची बाजू दिसतच नाही हो! रूममधल्या मुली रात्री इंग्रजी सिरीयलींवर बोलतात, मी झोपल्याचं सोंग घेते. मेसमध्ये मी सगळ्यांत शेवटी जाते, कुणाच्या शेजारी बसायचं ते कळत नाही म्हणून. तोवर भात संपलेला असतो. मागायची लाज वाटते. पोळी खाऊन उठते. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटतं का, तुम्हीच सांगा!"

बाईंनी जोरात मान हलवली. कोकणातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

"मेंटॉर आहेत मला. अजिंक्यदादा म्हणून. त्यांनी ग्रुपवर 'वेलकम' लिहिलं होतं. पुढे रॉकेटचं चित्र होतं. मग काही नाही."

बाईंचा ऊर भरून आला. जमलं की! एक शब्द न बोलता पोरगी मोकळी झाली! देवा, बघतोयस ना?

इथेच थांबलं असतं, तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण मन हलकं झालं तसं राहीनं डबा उघडला आणि आईनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. "घ्या ना मॅडम."

बाईंनी हात जोडले. 'नको' म्हणून मान हलवली. मग बोट वर केलं, म्हणजे देवाचं आहे. मग खिडकीतून पश्चिमेकडे हात केला, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत. त्यांच्या मते यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

राहीनं वर बघितलं. वरच्या मजल्यावर प्राचार्यांची केबिन होती. तिनं पश्चिमेला बघितलं. तिकडे मुलींचं हॉस्टेल होतं, मेससकट! तिचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम… तुम्ही माझ्यासाठी जेवणार नाही?"

बाईंनी घाईघाईनं मान हलवली. नाही, नाही!

"नाही म्हणजे, नाहीच जेवणार?"

आता मान कशी हलवायची? उभी हलवावी तरी पंचाईत, आडवी हलवावी तरी पंचाईत! बाईंनी ती गोल फिरवली. राहीनं डबा तिथेच टाकला आणि ती धावत सुटली.

कॅंटीनमध्ये अजिंक्य मित्रांना नेतृत्वगुण म्हणजे काय ते समजावत होता. हा मुलगा मुळात वाईट नव्हता, पण नोकरीच्या मुलाखतीची तयारी त्यानं इतक्या आधीपासून चालवली होती, की चहा मागवतानासुद्धा तो स्वतःची बलस्थानं सांगायचा. 'मेंटॉर' हा शब्द त्यानं बायोडेटात सगळ्यांत वर ठेवला होता.

"अजिंक्यदादा तुम्हीच ना?" राही धापा टाकत म्हणाली.

"हो. तू कुठल्या ग्रुपची गो?"

"तुमच्याच!"

मित्र फिदीफिदी हसले. अजिंक्यला भर गर्दीत चप्पल तुटल्यासारखं झालं. मग राहीनं पुढचं सांगितलं. मॅडम बोलत नाहीत. मॅडम खात नाहीत. वर बोट करतात, मेसकडे हात करतात!

अजिंक्य ताडकन उठला. केबिनमध्ये जाऊन त्यानं सरळ तपासच सुरू केला. "मॅडम, घसा बसलाय का?"

नुसती मान उभी हलवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण खोटी मान हलवणं ही बाईंच्या लेखी खोटं बोलण्याची सख्खी बहीण. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"बरं वाटत नाहीये?" नाही. "उपाशी आहात?" हो. "मुद्दाम?" बाई अडखळल्या. मुद्दामच की! हो.

"कुणामुळे, मॅडम?"

बाईंनी कळवळून डोळे आढ्याकडे लावले. देवा, सोडव रे यातून!

"वर?" अजिंक्यचा आवाज एकदम खाली आला. "प्राचार्य?"

पुढच्या घटकाभरात काय झालं म्हणता! महिनाभर ज्या मेंटॉर ग्रुपांवरून 'गुड मॉर्निंग'पलीकडे काही सरकलं नव्हतं, त्यावरून बातमी अशी पसरली जशी उतू जाणाऱ्या दुधाला वाट मिळावी. अजिंक्यनं मेंटॉरना कळवलं, मेंटॉरनी मेंटींना. गंमत म्हणजे त्यासाठी बऱ्याच मेंटॉरना आधी आपले मेंटी कोण, ते शोधावं लागलं! निघताना बातमी होती, 'एका मुलीसाठी मॅडमनी अन्न सोडलं.' सिव्हिलला पोचेपर्यंत ती मेसच्या भातासाठी झाली. इलेक्ट्रिकलनं तिला लायब्ररी उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचं कलम जोडलं. कॉम्प्युटरवाल्यांकडून परत आली तेव्हा मॅडमचं ते आमरण उपोषण होतं!

जेवणाच्या सुट्टीत बाई नेहमीप्रमाणे रिकाम्या सभेत जप करायला म्हणून दार उघडून बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. कॉरिडॉरमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती! सामोशांनासुद्धा कधी एवढी गर्दी झाली नव्हती. सगळे मेंटॉर, सगळे मेंटी, मांडी घालून खाली बसलेले. मॅडमना पाठिंबा म्हणून सगळ्यांनी अन्न सोडलं होतं. ज्यांचं आधीच जेवून झालं होतं, त्यांनी चहा सोडला होता.

बाईंनी दोन्ही हात जोडले. बाळांनो, उठा, जेवायला जा!

"काय म्हणतायत मॅडम?" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे राहीकडे बघायला लागले. सकाळी मॅडमशी एवढा वेळ 'बोलून' आलेली तीच एकटी होती ना! अजिंक्यनं एक स्टूल ओढलं आणि तिला त्यावर उभं केलं. आजवर वर्गात हजेरीला ती 'प्रेझेंट'सुद्धा म्हणायची नाही, नुसता हात वर करायची.

"मॅडम म्हणतायत…" ती पुटपुटली.

"मोठ्यानं!"

"मॅडम म्हणतायत, सगळ्यांनी एकत्र राहा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी घाबरून दोन्ही हात हलवले. अहो, तसं नाही, निघा इथून!

"मॅडम म्हणतायत, इथून हलायचं नाही!" या वेळी राहीचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मॅडमना चक्कर येतेय! पंखा! पंखा आणा!"

कुठून तरी एक टेबलफॅन आला आणि त्याच्या वाऱ्यानं बाईंच्या केबिनमधले सगळ्या वर्गाचे जर्नलचे कागद कॉरिडॉरभर उडाले. ते गोळा करायला पन्नास हात पुढे आले. बाई पाण्याचा घोट घेऊन खुर्चीत बसल्या. एक शब्द, देवा! फक्त एकच शब्द बोलू दे! पण शब्द बोलला की सोमवार मोडतो, आणि सोमवार मोडला की राहीचं काय? त्यांनी ओठ असे घट्ट मिटले, जसं नारळी पौर्णिमेच्या करंजीचं तोंड.

दुपार सरकत गेली. आता नुसतं बसून करायचं काय? पोरं बोलायला लागली. शेजारी बसलेल्याला नाव विचारणं भागच होतं. चिपळूणच्या मुलाला गुहागरचा मुलगा सापडला. एका मेंटॉरला कळलं, की आपली मेंटी महिनाभर आपल्याला सर समजत होती. दर्शना नावाची तिसऱ्या वर्षाची उंचेली मुलगी स्टुलाजवळ सरकली आणि राहीला म्हणाली, "तूच ना ती भातवाली? अगो, मी पण पहिल्या वर्षी शेवटी जायचे जेवायला! आता सरळ कढईजवळ उभी राहते. उद्यापासून माझ्यासोबत चल." मग कुठून तरी ड्रॉइंगचा विषय निघाला. अजिंक्यनं साबणाच्या वडीचा खोका काढला, तो उघडून फरशीवर सपाट पसरला आणि पुन्हा दुमडला. "ही मागची बाजू, ही वरची. आता बघ दिसते का?" राही बघत राहिली. मग एकदम ओरडली, "दिसली! अजिंक्यदादा, मागची बाजू दिसली!"

दारातून हे बघणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

राहीचं लक्ष गेलं. ती टुणकन स्टुलावर चढली. "मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं! भूक सहन होत नाहीये!"

आणि घोषणांनी कॉलेज दणाणलं!

घोषणा वरच्या मजल्यावर पोचल्या आणि प्राचार्य खाली आले. पुढच्याच आठवड्यात बाहेरची समिती कॉलेज तपासायला यायची होती. त्यांचा चेहरा उपासाच्या फराळात कांदा निघावा तसा झालेला.

"अहो मॅडम, हे काय आहे? काही तक्रार होती तर माझ्याकडे यायचंत ना!"

बाईंनी दोन्ही कान पकडले. माझी चूक झाली हो!

"मॅडम म्हणतायत," राही म्हणाली, "आता तरी कान उघडा!"

प्राचार्यांनी रुमालानं मान पुसली. "बरं, बरं. मागण्या काय आहेत?"

बाईंनी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. ओठ हलले, पण आवाज नव्हता. राही त्यांच्या ओठांकडे निरखून बघत एकेक शब्द जाहीर करत गेली. मेसमध्ये दुपारी गरम भात, आणि शेवटचं मूल जेवेपर्यंत तो संपायचा नाही. लायब्ररी रात्रीपर्यंत उघडी. स्टॅंडवर जाणारी बस पुन्हा सुरू. विष्णुसहस्रनामात एवढं सगळं आहे, याची बाईंना आजवर कल्पना नव्हती!

"भात आणि लायब्ररी मान्य," प्राचार्य म्हणाले. "बसचं बघू." त्यांनी मोसंबीचा रस मागवला आणि स्वतःच्या हातानं पेला पुढे केला. भोवती फोन उगारले गेले. "घ्या मॅडम. सोडा उपोषण."

सूर्य अजून बराच वर होता. बाईंनी नम्रपणे पेला बाजूला सारला.

"बसशिवाय नाही!" राही गरजली.

"बरं बाई, बस पण!" प्राचार्य हताश होऊन खाली फरशीवरच बसले. पेला तसाच हातात.

या सगळ्या गोंधळात एक सडपातळ माणूस खांद्याला पिशवी अडकवून गर्दीतून वाट काढत पुढे आला. पिशवीतून दांडगी काकडी डोकावत होती आणि पायांना शेतातली माती तशीच होती.

"आमची राही खय… कुठं हाय, हो?"

राहीचा आवाज गपकन थांबला. "आप्पा!"

"अगो, स्टुलावर काय करतस? सामान बांधलंस काय? शेवटची गाडी हाय. कापलेलं भात तसंच आडवं टाकून आलोय. तुझी आयस वाट बघतेय घरी. चल."

राही स्टुलावरून उतरली. अर्धा दिवस गर्जणारी ती पोर बघता बघता पुन्हा खिडकीशी बसणारी राही झाली. मान खाली, बोटं ओढणीत.

बाई खुर्चीतून उठल्या. आता मौन कसलं नि काय! शब्द मोडला तर मोडला, देवाशी काय ते नंतर बघू, पण ही पोरगी अशी मान खाली घालून जाता कामा नये. त्या आप्पांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं.

"मॅडम बोलतायत!" गर्दीतून कुजबुज उठली.

"नका मॅडम!" राही मध्ये आली. "एवढा दिवस धरलंत, आता माझ्यासाठी सोडू नका. मीच सांगते." ती वडिलांकडे वळली. "आप्पा, या मॅडम सकाळपासून उपाशी आहेत. माझ्यामुळं. मी अशी कशी येऊ?"

बाईंनी तोंड मिटलं. देव फार वेळेवर धावतो हो, कधी कधी!

आप्पांनी बाईंकडे बघितलं. सुकलेले ओठ, कपाळावरचं ठसठशीत कुंकू, हातातली जपमाळ. मग त्यांनी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

"बाई उपाशी असताना आमच्यानं गाडीत बसवायचं नाय," ते म्हणाले. "जाऊ दे गाडी. सकाळी बघू काय ते."

आणि ते प्राचार्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. सवयीनं त्यांनी काकडी काढली, मग सगळे उपाशी आहेत हे आठवून पुन्हा पिशवीत ठेवली.

अखेर ऊन कौलांवरून उतरलं. काळोख दाटला. बाईंनी केबिनमधल्या तसबिरीसमोर निरांजन लावलं, हात जोडले आणि बाहेर येऊन प्राचार्यांच्या हातातला कोमट झालेला रस घटाघटा पिऊन टाकला. जल्लोष असा झाला, की आवारातल्या आंब्यावरचे कावळे उडाले!

"मॅडम, दोन शब्द! दोन शब्द!"

आता बोलायला काही आड येत नव्हतं. खरं काय ते सांगून टाकायचं, बाईंनी ठरवलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि सगळं अगदी पहिल्यापासून सांगितलं. "बाळांनो, हे उपोषण वगैरे काही नव्हतं. माझा सोमवारचा नेम असतो. उपास आणि मौन. मी वर बोट केलं ते देवाकडे. प्राचार्यांचा काही दोष नाही. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला माफ करा."

पण आवाज तोच हो! दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा एक अक्षर पोचलं नाही.

"काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" मागून आरडाओरडा सुरू झाला. ऐकू गेलं फक्त अगदी जवळ उभ्या असलेल्या राहीला. आणि जसजसं ऐकू गेलं, तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. वर बोट, पश्चिमेला हात, कान, कपाळ… दिवसभर मोठ्या तोंडानं सांगितलेलं सगळं चुकीचं! सगळ्या कॉलेजसमोर!

"राही, सांग ना! मॅडम काय म्हणतायत?"

राही स्टुलावर चढली. तिनं मॅडमकडे बघितलं, दर्शनाकडे, अजिंक्यकडे, भिंतीशी बसलेल्या आप्पांकडे बघितलं.

"मॅडम म्हणतायत…" ती थांबली. मग घसा ताणून ओरडली, "पुढच्या सोमवारी पण सगळ्यांनी यायचं! पण जेवून यायचं!"

पुन्हा जल्लोष! अजिंक्यनं तर शिट्टी घातली.

गर्दी पांगायला लागली तसे आप्पा उठून बाईंजवळ आले. त्यांचा आवाज बाईंइतकाच हळू झाला होता. "बाई, आमची मंडळी पण सोमवार धरते. तिचं तोंड संध्याकाळी असंच सुकलेलं असतं. मला काय ते समजलं." ते जरा हसले. "पण पोरगी बोलली ते खरं काय, तेवढं सांगा. पुढल्या सोमवारचं. तुम्ही खरंच बोलावलंय तिला? तर मी सकाळी एकटाच जातो."

राही मागेच उभी होती.

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. आणि मान उभी हलवली. चांगली दोनदा.

खोटी मान होती ती. सरळसरळ खोटी! पण सोमवारचा नेम दिवेलागणीला संपला होता आणि मंगळवारचा वांग्याचा नेम सूर्योदयाशिवाय सुरू होत नव्हता. मधल्या वेळेबद्दल सासूबाई कधी काही बोलल्या नव्हत्या. दमयंतीबाईंनीही घरी गेल्यावर बाळकृष्णाजवळ तो विषय काढला नाही.